घड्यांच्या रेघा

घरकामातली एकच गोष्ट मला धड येते, ती म्हणजे इस्त्री. भाजी चिरायला घेतली की बायको हातातून सुरी काढून घेते. कचरा मी वेगळा केला की 'चुकलंय' अशी लाल चिठ्ठी लागून पिशवी खालीच पडून राहते आणि शेजारचे आजोबा ती आदराने वर आणून देतात. पण शर्टाची बाही माझ्याइतकी कडक जपानातल्या आमच्या अख्ख्या कावासाकी शहरात कोणी करत नसेल. त्यामुळे त्या शनिवारी बायकोच्या कार्यशाळेत टेबलावर एक गडद निळं सुती कापड दिसलं, उभ्या, आडव्या, तिरक्या चुण्यांनी भरलेलं, आणि बाजूलाच वाफेची इस्त्री दिसली, तेव्हा व्हायचं ते झालं.

पाणी शिंपडलं, दोन्ही बाजूंनी फिरवली. पंधरा मिनिटांत कापड असं झालं की एक रेघ म्हणून राहिली नाही. हँगरला लावलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि वर फोटोही काढला.

मी तिथे काय करत होतो, ते सांगायला हवं. जपानच्या उत्तरेचे मूळ रहिवासी म्हणजे आइनू. त्यांचा प्रदेश होक्काइदो, पण कामासाठी बरेच जण तोक्योच्या आसपास येऊन राहिलेत, आणि त्यातले कितीतरी जण आपण आइनू आहोत हे शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. बायको काम करते ती छोटी संस्था अशा लोकांना त्यांचंच भरतकाम आणि लाकडावरचं कोरीवकाम शिकवते, आणि त्यावर स्वतःचा धंदा कसा उभा करायचा तेही. संस्थेचं एक दुकान आहे, त्याच्या कमाईतून पुढची बॅच शिकते. बायको तिथे विक्रीचा वर्ग घेते. ही तीच बायको, जी माझ्या व्हिसाला चिकटून इथे आली आणि पहिलं वर्षभर दाराची बेल वाजली की मला ऑफिसात फोन करायची. आता जपानी माणसांना जपानीत बोलायला शिकवते. मी शनिवारचा हरकाम्या: फोटो, वेबसाइट, प्रोजेक्टर.

त्या बॅचमध्ये एक बाई होत्या, पन्नाशीला टेकलेल्या. सुपरमार्केटमध्ये पहाटेपासून डबे भरायचं काम करायच्या आणि शिफ्ट संपली की वर्गाला यायच्या. मंगळवारी त्यांची परीक्षा होती. म्हणजे कागदावरची नव्हे. एका मोठ्या दुकानाच्या हस्तकला विभागाचे खरेदी करणारे साहेब येणार होते, आणि त्यांना तयार मालाबरोबरच एक काम पहिल्या टाक्यापासून होताना बघायचं होतं. बाई त्यांच्यासमोर एक नोरेन, म्हणजे दुकानाच्या दारावरचा अर्धा पडदा, भरायला घेणार होत्या. ऑर्डर मिळाली तर डब्यांचं काम कमी करून स्वतःचं सुरू करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुपारी बाई आल्या. हँगरकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "किती छान, स्वच्छ झालंय."

मी लगेच वाकून म्हणालो, "छे छे, त्यात काय!"

इतकी वर्षं या देशात राहून मला कळायला हवं होतं. छान म्हणताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मागून बायको आली. तिला जपानी सभ्यता पाळायची गरज नव्हती.

"अरे, हे कोणी केलं?"

"मी. चुरगळलं होतं."

"चुरगळलं नव्हतं रे! ते मोजमाप होतं!"

मग मला कळलं. बाईंच्या शिक्षिका पंच्याहत्तरीच्या. आइनू भाषेत आजीला फुचि म्हणतात, सगळे त्यांना तेच म्हणत. फुचि कापडावर पेन्सिल लावू देत नसत. विती-बोटांनी मोजायचं, घडी घालायची, नखाने दाबायची, उलगडायची. त्या रेघांच्या जाळ्यावर नक्षीची वळणं आणि टोकांचे काटे बसतात. निळ्या कापडावरचं जाळं फुचींनी आदल्या दिवशी दुपारभर बसून घातलं होतं आणि सकाळच्या विमानाने त्या होक्काइदोला परत गेल्या होत्या. म्हणजे मी जे वाफेने पुसलं, तो पडद्याचा अख्खा नकाशा होता.

बायकोने फुचींना व्हिडिओ कॉल लावला. मी फोनसमोर उभा राहून माफी मागितली, नव्वद अंशात वाकून. वाकल्यामुळे त्यांना माझं टक्कल तेवढं दिसत होतं. फुचि बराच वेळ हसल्या. "हे काम आमच्याकडच्याही कुठल्या नवऱ्याने अजून केलं नव्हतं," म्हणाल्या. मग बाईंना म्हणाल्या, "ती वीत माझी होती. आता तुझी वीत घाल."

"मला नाही जमायचं, फुचि. आजवर घड्या तुम्हीच घालून दिल्यात."

"म्हणूनच नाही जमलं. माझे बटाटे शिजलेत, ठेवते." आणि फोन ठेवला.

बाईंनी चपला काढल्या, कापड जमिनीवर पसरलं आणि गुडघ्यांवर बसल्या. मला म्हणाल्या, "दान्ना-सान, हा कोपरा धरा. आणि हलू नका." दान्ना म्हणजे नवरा. पाय बधिर होईपर्यंत मी तो कोपरा धरून बसलो.

पहिली घडी त्यांनी तीनदा मोडली. चौथ्यांदा नख दाबलं आणि तिथून हात सुटला. वीत, दोन बोटं, घडी, नख. मध्येच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी आई असंच मोजायची. तिचा एक अंगरखा होता. मी शाळेत जायला लागले तेव्हा तिने तो कपाटाच्या तळाशी ठेवला आणि म्हणाली, बाहेर सांगू नकोस."

"मग?"

"मग काय. सांगितलं नाही. चाळीस वर्षं झाली. सुपरमार्केटमध्ये कुणालाच माहीत नाही."

बायकोच्या वर्गात प्रत्येकाला गिऱ्हाइकासमोर तीन वाक्यं म्हणायची असत: माझं नाव अमुक, मी आइनू आहे, हे काम माझ्या हातचं. बाई पहिलं आणि तिसरं म्हणत. मधलं गिळत. छापलेल्या कार्डावरही त्यांनी ते घालू दिलं नव्हतं. मी एकदा बायकोला म्हटलंही होतं की जरा जोर लाव. ती म्हणाली होती, "मी धंदा शिकवते. कोणी काय सांगायचं ते मी नाही ठरवत. तू सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'आम्ही भारतीय' म्हणून कधी तोंड उघडलंयस?" उघडलं नव्हतं.

मंगळवारी मी प्रोजेक्टरचं निमित्त करून रजा टाकली. आमच्या मुलीने सकाळी जपानीतच विचारलं, प्रोजेक्टरला किती माणसं लागतात? मी वायर पिशवीत भरली.

साहेब आले. राखाडी सूट, अतिशय नम्र. त्यांनी तयार माल उलटसुलट करून पाहिला, बाईंनी चार टाके घातलेले पाहिले, मान डोलावली. मग म्हणाले, "नक्षी फारच सुंदर. पण हाताने म्हणजे वेळ लागणार. तुम्ही आम्हाला फक्त नक्षी दिलीत तर? आमच्याकडे कापडावर छापून घेऊ. वर्षभर काम राहील. नाव वगैरे आम्ही बघू, 'उत्तरेकडची नक्षी' असं काहीतरी."

मी बायकोकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती आणि ओठ मिटून होती. मला वाटलं, काहीतरी बोल बाई! ती नाही बोलली. वर्षभराचं काम म्हणजे डब्यांपासून सुटका, आणि वर काही सांगायचीही गरज नाही. बाईंना हो म्हणायला सगळ्या वाटा मोकळ्या होत्या.

बाईंनी सुई कापडात खोचली. कापड साहेबांकडे सरकवलं आणि घडीच्या रेघांवर तळहात ठेवला.

"हे माप माझ्या हाताचं आहे. माझ्या आईच्या हाताचं वेगळं होतं. छापलं तर कोणाच्याच हाताचं राहणार नाही." त्यांनी मान वर केली. "मी आइनू आहे. हे आइनू काम आहे. तसं लिहिणार असाल तर मी हाताने करून देईन. एका पडद्याला महिना लागेल."

आवाज मोठा नव्हता. वर्गात म्हणायच्या त्याहून लहानच होता.

साहेबांनी घडीच्या एका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमचं कार्ड मिळेल का?"

बाईंनी कार्ड काढलं, पण दिलं नाही. बायकोच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं, नावाच्या वरच्या मोकळ्या जागेत उभ्याउभ्या एक ओळ लिहिली, शाई सुकू दिली आणि मग दोन्ही हातांनी पुढे केलं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि वाकले. सुरुवातीला तीन पडदे सांगून गेले. पडद्यासोबतची माहिती बाईंनी स्वतः लिहून द्यायची, असंही म्हणाले.

ते गेल्यावर बाई मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. बॅचमधल्या बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो, खरं म्हणजे तो मी लावलाच नव्हता. माझ्या ना नात्यातली, ना देशातली बाई, आणि माझी छाती अशी फुगली होती की जणू पोरगी बोर्डात आली. त्या टाळ्यांतल्या अर्ध्या भिंतीला टेकलेल्या माझ्या बायकोच्या वाट्याच्या होत्या, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

परत येताना ट्रेनमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. मी विचारलं, "काय गं, खूश ना?"

"पुढच्या बॅचचा पहिला तास बाई घेणार आहेत," बायको म्हणाली. "मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, तुम्ही मागे बसा. बसणार आहे मी."