लवंगेचे चार थेंब

कुपीवाली माय गल्लीत शिरली की आधी तिचा वास यायचा आणि मग ती. लवंगेचा वास, कडक, थेट नाकात चढणारा. आमचं गाव दर्यापूरहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेवरचं. तिथं तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. जातीची माळीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. विहिरीवरचा लहानसा मळा ती एकटी पिकवायची. भाजीची पाटी घेऊन अकोल्याच्या बाजाराला गेली की तिथल्या एका अत्ताराकडून लवंगेचं तेल आणायची. बोटाएवढी काचेची कुपी, तिला मेण लावलेलं बूच. तुमच्याही गावात अशी एखादी असेलच, जिच्या दारात दुखलं खुपलं की आधी जायचं.

ते तेल ती कुणाला नुसतं द्यायची नाही. "लवंगेले एकटं पाठवाचं नाई कुठं, तिच्यासंगं तीळ पायजे," म्हणायची. कपाळ ठणकत असो की गुडघे धरलेले असोत, वाटीभर तिळाच्या तेलात दोन थेंब टाकायची आणि स्वतः चोळून द्यायची. डाळीच्या मडक्यात किडे झाले तर तेलाची चिंधी मडक्याच्या गळ्याला बांधायची. गुळाला मुंग्या लागल्या तर फळीच्या कडेनं बोट फिरवायची. लग्नातलं लुगडं पेटाऱ्यात ठेवताना माझ्या सासूबाईसुद्धा तिच्याकडून एक वासाची चिंधी मागून घ्यायच्या, कसर लागू नये म्हणून.

दातासाठी मात्र नुसतं तेल, तेही एकच थेंब, कापसाच्या बोळ्यावर. बोळा दाढेवर ठेवला की माणूस डोळे मिटायचा आणि हळूहळू खांदे सोडायचा. "गिळजो नोको, थुंकून टाक," ती बजावायची, "अन् हे दुखणं झोपवते फक्त. दात काही बरा होत नाई. उद्या उपटून घे." लोक उपटून घेत नसत, पुन्हा तिच्याच दारात येत. मग ती म्हणायची, "दाढ तुही, अन् रोज जागी मी."

बोळ्यांचा कापूस कुठला, तर बाभळीचा. तेव्हा साता समुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याकडं गाड्यांची रीघ लागायची, आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहायचा. तेवढाच ती वेचायची. आमच्या सासूबाईंनी तर घरातल्या दोन गाद्या उसवून आतला कापूस गाडीत घातला होता. गावानं मिरची उपटली, वांगी उपटली, सगळीकडं कापसाची पऱ्हाटी लावली. मायचा मळा तसाच. "कापूस खाता येते काय वो?" एवढंच विचारायची, आणि मेथीची जुडी पुढं करायची.

तिचा एक नियम मात्र साऱ्या गावाला पाठ होता. लेकराच्या तोंडात ते तेल नाही. दात येत असले तरी नाही, कितीही रडलं तरी नाही.

मलाही पाठ होता. तरी मी तो मोडला.

माझा थोरला तेव्हा आठ महिन्यांचा. वरचे दात येत होते, तीन दिवस त्यानं मला टेकू दिलं नव्हतं. वेचणी जोरात होती. गाडी दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघायची, म्हणून सगळं घर पहाटेच शेतात गेलेलं. जाताना सासूबाई म्हणाल्या, "दुपारी वीस माणसाच्या भाकरी घेऊन ये. उशीर झाला तं वेचणाऱ्या बाया दुसऱ्याच्या वावरात जातीन." मी एका मांडीवर त्याला घेऊन भाकरी थापत होते. तो रडून रडून निळा पडत होता. सूर्य वर चढत होता आणि टोपली अर्धीही भरली नव्हती.

मायचं घर समोरच. ती मळ्यात गेली होती, आणि वाकून काम करताना फुटेल म्हणून कुपी कोनाड्यात ठेवून जायची. मी गेले आणि ती उचलून आणली. एवढ्या मोठ्या माणसांची दाढ शांत होते, मग एवढीशी हिरडी का होणार नाही, असं मनाशी म्हटलं. बोटावर घेणार होते. त्यानं हात मारला आणि कुपी त्याच्या तोंडातच कलंडली.

आधी तो किंचाळला. मग ठसका. मग लाळ गळत राहिली, आणि थोड्या वेळानं तो गप्प झाला. ज्या गप्पपणासाठी मी तीन दिवस देवाला विनवत होते, तो असा आला. मान माझ्या हातावरून खाली लोंबत होती.

मळ्यातून परतणारी माय वासानंच आत आली. हातात मेथी तशीच. तिनं कुपीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"किती?"

"एक," मी म्हणाले.

"खरं सांग पोरी. तुह्यावर रागवाले नाई इचारत, त्याले वाचवाले इचारून राहिली."

"चार. जास्तही असतील."

मी त्याच्या घशात बोट घालायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. "नोको. तेल वर आलं तं पुन्हा जाळत येईन." ओल्या फडक्यानं तिनं त्याची जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू पुसली, पुन्हा पुन्हा, फडकं बदलून. त्याला कुशीवर धरलं. तळपाय चोळले, चिमटे काढले. त्यानं डोळे किलकिले केले की "पाज त्याले" म्हणायची, मिटले की पुन्हा चिमटा. ओसरीवर कापसाचा ढीग पडला होता. त्यातला एक तंतू उपटून तिनं त्याच्या नाकाखाली धरला.

"याच्याकडं पाहाचं. माह्या तोंडाकडं नाई."

तंतू हलायचा. थांबायचा. मी श्वास रोखून बसायचे आणि तो पुन्हा हलायचा. भाकरीचा तवा लाल होऊन धूर निघत होता, उठून तो उतरवायचं भान दोघींनाही नव्हतं. शेतातून एक माणूस भाकरीसाठी ओरडत आला. मायनं दारातूनच सांगितलं, "लेकरू बिमार हाय, जाय, सांग." ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. एकदा तंतू इतका वेळ हलला नाही की मी उठून उभी राहिले. तिनं माझ्या पदराला धरून खाली ओढलं. "बस. उभी राहून तो काही उठत नाई."

कलत्या उन्हात तो रडला. बारीक, बसक्या आवाजात. मी त्याला छातीशी घेतलं आणि तो ओढून प्यायला. मायनं तो तंतू जमिनीवर टाकला नाही, चंचीत ठेवला.

तेवढ्यात सासूबाई दारात. आत येताच त्यांनी लेकराचं तोंड हुंगलं.

"हे कोनं केलं?"

माझं तोंड उघडलं होतं. माय आधी बोलली. "म्या लावलं. चुकलं माह्यं."

"साऱ्या गावाले नियम सांगत फिरते, अन् माह्याच नातवाले पाजलं? पुन्हा या उंबऱ्यावर दिसू नको, माळीणबाई."

माय उठली, मेथी उचलली, गेली.

आठ दिवसांत गावभर झालं. तिच्या दारात कुणी येईना. मी पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीवर गेले, म्हटलं, "मी सासूबाईंना खरं सांगते." ती वाफ्याला पाणी देत होती. "तुले त्या घरात राहाचं हाय," म्हणाली. "पहिलं लेकरू तुह्या हातून जाता जाता राहिलं, हे त्या जन्मभर इसरनार नाई. मले कोन इचारते?" मग कुपी माझ्या हातात ठेवली. "उंच ठेवजो. अन् किती, हे नेहमी मोजून."

मग दाढ दुखली की बाया माझ्याकडं येऊ लागल्या. "तुह्या हातचं तेल चांगलं हाय," म्हणायच्या, "तिच्यासारखं नाई." कुपी तीच. मी बोळा करून द्यायचे आणि गप्प बसायचे. सासूबाई गेल्या, तरी गप्प. माय गेली तेव्हा तिच्या खाटेपाशी मी एकटीच होते. कापसाचा तंतू तिच्या नाकाखाली मीच धरला होता.

परवा थोरल्याची दाढ ठणकली. आता त्यालाच नातू झालाय. मी एक थेंब मोजून बोळा दाढेवर ठेवला. खांदे सैल झाल्यावर तो हसून म्हणाला, "हेच पाजून ती म्हातारी मले मारनार होती म्हणे."

मी सांगितलं. कुपी कुणी उचलली, हात कुणाचा होता, नाकाखाली तंतू कुणी धरला, सगळं.

त्यानं बोळा काढून हातात घेतला. रागावला नाही. एवढंच विचारलं, "किती वर्षं नाई सांगितलं?"

या वेळी मी पहिल्याच विचारण्याला खरं सांगितलं. "तुझं वय आहे, तेवढी."