चिओमाचं दुसरं स्थळ

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बायको समोर उभी असताना, माझं एका नायजेरियन मुलीशी जवळजवळ लग्न लागलं. दोष मी धुक्याला देतो. बायको मला देते.

आमचं घर मळवलीला, भाताच्या खाचरांना लागून. घरामागं दोन खोल्या काढल्यात, त्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देतो. देतो म्हणजे, स्वयंपाक सुनंदा करते, चादरी सुनंदा बदलते, भाज्याच्या लेण्यांची वाटही सुनंदाच सांगते. मी ओसरीवर बसून विसापूरकडे बघतो. (कुणीतरी बघायला नको?) पावसाळा सरत आला की विसापूरवरून धुकं खाली उतरतं. आधी किल्ला जातो, मग झाडं जातात, मग आमचा गोठा जातो आणि शेवटी मी जातो! शरीर खुर्चीतच असतं, पण इंद्रायणी भाताच्या वासात मी कुठल्या कुठे पोचलेला असतो. माझे वडील, आबा, याला 'ह्याची लाइट गेली' असं म्हणतात.

चिओमा आणि फेमी आमचे नेहमीचे पाहुणे. दोघंही पुण्यात फार्मसी शिकायला आले, शिकून तिथंच नोकरीला लागले. चिओमा मराठी बोलायची. मेसवाल्या मावशींकडून शिकली होती, त्यामुळे 'अगं बाई' आणि 'संपलं, आता काही मिळणार नाही' ही दोन वाक्यं तिच्या तोंडून फार अस्सल यायची. फेमीचं मराठी 'वहिनी, अजून एक भाकरी' इथं सुरू व्हायचं आणि तिथंच थांबायचं.

देश एक, पण चिओमा इग्बो आणि फेमी योरुबा. भाषा वेगळी, जेवण वेगळं, लग्नाच्या रीती वेगळ्या. फेमीच्या आईनं कधीच होकार दिला होता. चिओमाचे वडील मात्र अडून बसले होते.

"बाबा काय म्हणाले?" सुनंदानं विचारलं.

"म्हणाले, बघू." चिओमाचा चेहरा एवढासा झाला. "काकू, आमच्यात 'बघू' म्हणजे नाही."

"आमच्यात पण," सुनंदा म्हणाली आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं.

वडिलांच्या होकाराशिवाय चिओमा लग्न करणार नव्हती आणि फेमीशिवाय दुसऱ्या कुणाशी करणार नव्हती. पोरगी झुरत होती हो! शेवटी असं ठरलं, की आमच्या अंगणात मागणी घालायचा कार्यक्रम करायचा, दोन्हीकडच्या रीती रीतसर पाळायच्या आणि वडिलांनी तो फोनवर बघायचा. सगळं नीट झालं तर त्यांचं मन वळेल, एवढीच आशा. मुलाकडचे म्हणून फेमीचे चार-पाच मित्र. मुलीकडचे म्हणून आम्ही. (इथंच तिच्या नशिबाचे ग्रह फिरले.)

चिओमानं सगळ्यांना एकाच जांभळ्या कापडाचे कपडे शिवले. मला शर्ट, सुनंदाला ब्लाऊज, आबांना फेटा.

"ही आमची रीत," ती म्हणाली. "लग्नाला सगळ्यांना एक कापड."

फेमी खो-खो हसला आणि तिला काहीतरी बोलला. ती चिडली.

"तो म्हणतो ही योरुबांची रीत, आम्ही उचलली. डोक्याला हे उंच कापड बांधते ना मी, ते पण त्यांचं म्हणे! मग तू अंगात काय घातलंय रे?"

फेमीच्या अंगात सिंहाची तोंडं छापलेला झुळझुळीत सदरा होता. तो इग्बोंचा. आबांनी दोघांकडे नीट निरखून बघितलं.

"म्हंजी हिचं पागुटं त्याचं आन त्याचा सदरा हिचा? आरं मंग भांडण कसलं? सोयरीक तर कवाच झाली की!"

मला आबांचं हे बोलणं फार आवडलं. त्याच विचारात मी गेलो. नेमकी त्याच वेळी चिओमा मला माझं काम समजावून सांगत होती, असं नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या सकाळी धुकं असं दाट, की अंगणातली तुळस हाताला लागेपर्यंत दिसत नव्हती. त्या पांढऱ्यातून एकेक जांभळा माणूस उमटायचा आणि परत विरून जायचा. ओल्या गवताचा वास, कुठंतरी गाईची घंटा. मी तर निम्मा सकाळीच गेलो होतो. तुळशीपुढं स्टुलावर तांब्याला टेकवून फोन उभा केला. फोनमध्ये चिओमाचे वडील. लाल टोपी, गळ्यात पोवळ्यांची माळ आणि चेहरा असा की समोरच्यानं आपण होऊन चुका कबूल कराव्यात.

पहिली रीत इग्बोंची, कोला फोडायची. कोला हे सुपारीपेक्षा मोठं एक फळ असतं. पिकतं ते योरुबांच्या मुलुखात, पण त्याचा मान राखावा तो इग्बोंनी. वडिलांनी फोनवरून कोलाला इग्बोत आशीर्वाद दिला. (कोलाला म्हणे दुसरी भाषा समजत नाही.) मग वडीलधाऱ्यानं ते हातानं हलकेच उकलायचं आणि आत पाकळ्या किती निघाल्या ते बघायचं. त्यावरून शकुन कळतो.

आबांनी कोला हातात घेतलं, वजन केलं आणि म्हणाले, "सुपारी फोडायची म्हना की! ही तर आमची रोजची हाय."

कनवटीचा अडकित्ता कधी बाहेर आला ते कुणालाच दिसलं नाही. कट्, कट्, कट्! चिओमा "आबा, नको!" म्हणेपर्यंत ताटलीत कोलाची बारीक खांडं पडली होती.

फोनमधून प्रश्न आला. चिओमानं घाबरत घाबरत मराठीत केला, "बाबा विचारतात, पाकळ्या किती?"

"लय!" आबा अभिमानानं म्हणाले.

चिओमानं काय भाषांतर केलं ठाऊक नाही. वडिलांच्या कपाळावर एक आठी चढली.

दुसरी रीत योरुबांची. नवरदेव आणि त्याचे मित्र मुलीच्या वडीलधाऱ्यांपुढं जमिनीवर पालथे पडतात आणि 'उठा' म्हणेपर्यंत उठत नाहीत. फेमी पुढं झाला आणि सिंहाच्या सदऱ्यासकट चिखलात साष्टांग! मागोमाग मित्रही धपाधप. धुक्यात नुसते जांभळे उंचवटे दिसत होते.

आता आबांची पंचाईत बघा. आमच्यात जावई म्हणजे देव. त्याचे पाय सासऱ्यानं धुवायचे, तांब्या सासूनं धरायचा. आणि इथं साक्षात जावई पायाशी लोळण घेतोय! आबा ताडकन उठले.

"आरं आरं आरं! जावयानं पाया पडायचं? पाप लागंल मला! उटा पाव्हणं!"

पण हे ते मराठीत म्हणाले. फेमीच्या मराठीत 'उठा' नव्हतं, तो पडूनच राहिला. आबांना वाटलं, जावई रुसला! जावई रुसल्यावर सासऱ्यानं काय करायचं असतं? आबांनी फेटा सावरला आणि फेमीच्या समोर स्वतःच साष्टांग घातलं! डोक्याला डोकं लावून दोघं पालथे. आबा म्हणतात, "आधी तुमी." फेमी हलायला तयार नाही, कारण समोरचा म्हातारा पडलेला असताना आपण कसं उठायचं? त्यांच्यात तर ते महापाप!

फोनमधला आवाज आता चढला.

"बाबा विचारतात," चिओमा रडवेली झाली होती, "आमच्या बाजूचा म्हातारा योरुबांपुढं आडवा का झाला?"

सुनंदानं एका हातानं आबांना बखोटीला धरून उचललं, दुसऱ्या हातानं फेमीला. सगळे चिखलानं माखलेले. चिओमा मात्र फोनकडे बघत उभी होती, ओठ दाताखाली धरून. आता उरली होती एकच रीत. तीच सगळ्यात मोठी.

ती अशी. इग्बो मुलगी हातात ताडीचं भांडं घेऊन निघते. नवरदेव पुरुषांच्या घोळक्यात लपलेला असतो. बाकीचे पुरुष तिला थट्टेनं 'इकडे ये, मला दे' म्हणून बोलावतात, ती कुणाला दाद देत नाही. शेवटी ती आपला माणूस शोधते, गुडघे टेकते आणि भांडं त्याला देते. तो प्यायला, की साऱ्या गावादेखत तोच तिचा नवरा. ताडीच्या जागी आम्ही नीरा आणली होती, सुनंदाच्या पितळी फुलपात्रात. आणि घोळका मोठा दिसावा म्हणून मलाही जांभळ्या शर्टात मित्रांमध्ये बसवलं होतं. मी फक्त हात करून बोलवायचं, घ्यायचं नाही. हेच काम मला आदल्या दिवशी समजावलं होतं. मी तेव्हा नव्हतो, हे वर आलंच आहे.

मी खुर्चीत बसलो. धुकं गुडघ्यापर्यंत आलं. मित्रांपैकी कुणीतरी हलकंसं गाणं धरलं, दूर कुठंतरी पाणी वाहत होतं आणि माझी लाइट गेली. मी सुनंदाच्या माहेरी, परंदवडीला पोचलो होतो. अठ्ठावीस वर्षांचा, डोक्यावर केस असलेला, सुनंदाला बघायला आलेला. आतून बांगड्यांचा आवाज. पडदा हलला. आणि खरोखरच पांढऱ्या पडद्यातून एक नटलेली मुलगी, नजर खाली घालून, हातात भांडं धरून माझ्याकडे आली! (फेमीकडे जायची तिची वाट माझ्या खुर्चीवरून होती, हे नंतर कळलं.)

मुलगी अशी समोर आल्यावर मराठी माणूस काय करतो? मी सावरून बसलो, तिच्या हातातून अदबीनं फुलपात्र घेतलं आणि एका दमात रिकामं केलं.

गाणं थांबलं.

"छान झालंय," मी म्हणालो. "शिक्षण किती झालं?"

"बी फार्म," चिओमा म्हणाली. बिचारीच्या तोंडून सवयीनं उत्तर निघून गेलं! मग तिनं रिकाम्या फुलपात्रात बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "काका, संपलं. आता काही मिळणार नाही."

"अहो!" ही हाक मात्र परंदवडीची नव्हती. आत्ताची होती. लाइट आली. समोर सुनंदा, तिच्या मागं तोंड उघडं टाकलेला फेमी आणि फोनमध्ये लाल टोपी, स्क्रीनच्या अगदी जवळ.

मला दरदरून घाम फुटला. पोरीचं सगळं आयुष्य या एका फुलपात्रावर आणि ते मी गिळून बसलो! आता माफी कशी मागायची? नुकतंच बघितलेलं तेवढं आठवत होतं. मी धावलो आणि फोनपुढं चिखलात पालथा पडलो!

मागून चिओमाचा हुंदका आला, "काका, हे काय केलं? हे तर नवरदेव करतो!"

म्हणजे बघा. इग्बोंची रीत झाली, योरुबांचीही झाली. दोन्हीकडून पक्का नवरा म्हणावा असा त्या अंगणात मी एकटाच होतो. फेमीची तर एकच झाली होती!

फोनमधून खर्जातला आवाज आला. चिओमा डोळे पुसत एकेक वाक्य मराठीत करू लागली.

"बाबा विचारतात, हा माणूस काय करतो?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "शेतीकडं बघतो."

"म्हणजे शेती करतो?"

"न्हाई. बघतो. हितं बसून."

"घर कोण चालवतं?"

"मी," सुनंदा म्हणाली.

"वय किती?"

आबांनी दिलेलं उत्तर चिओमानं भाषांतरच केलं नाही. वडिलांना माझं टक्कल दिसतच होतं. मी चिखलातून मान वर केली. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग त्यांची नजर सरकून फेमीवर गेली. फेमी चिखलानं बरबटलेला, पण उंच, धट्टाकट्टा, नोकरी असलेला. चिओमाचा हात त्यानं घट्ट धरला होता. वडिलांनी परत माझ्याकडे बघितलं. परत फेमीकडे. मग एक लांब उसासा टाकला आणि काहीतरी बोलले.

चिओमा किंचाळलीच. तिनं सुनंदाला मिठी मारली, फेमीला मारली, आबांना मारली. आबांचा फेटा पडला.

"अगं काय म्हणाले ते तरी सांग!" सुनंदा म्हणाली.

"म्हणाले," चिओमा हसत होती आणि रडत होती, "हा असा समोर आल्यावर मला कळलं, की आपला योरुबा मुलगा सोन्यासारखा आहे. भांडं पुन्हा भर. या वेळी नीट दे."

फुलपात्र पुन्हा भरलं. मला तोवर गोठ्यात नेऊन बसवलं होतं. गाईच्या पाठीवरून मी बघितलं. चिओमानं गुडघे टेकले, फेमी प्यायला आणि धुक्यात सगळे एकदम ओरडले. मला फार बरं वाटलं. गाईनं माझा जांभळा शर्ट चाटला.

तिचे वडील मला खरंच नवरदेव समजले होते की थट्टा करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तिकडे त्यांच्या गावी थाटात लग्न झालं, दोघं परत पुण्याला आले आणि अजूनही अधूनमधून राहायला येतात. ओसरीवरून चिओमा वडिलांना फोन लावते. जावयाची चौकशी होते, पावसाची होते आणि मग तिचे वडील न चुकता आवाज खाली आणून माझ्याबद्दल विचारतात आणि चिओमा ते मोठ्यानं मराठीत करते, "त्या दुसऱ्या मुलाचं जमलं का गं कुठं?"

आणि माझ्या आधी स्वयंपाकघरातून सुनंदा ओरडते, "नाही म्हणावं, अजून बघतोय! तुमच्याकडे एखादं स्थळ असेल तर कळवा!"