आडातली नागम्मा

"उडी कशाची घेती गं ती? काविळीनं गेली तुझी माय. माझ्या डोळ्यादेखत."

"मंग आडातलं भूत कुनाचं, काका?"

पुतणी शिवगंगा मडिवाळप्पाला त्याच्या घरी येऊन विचारत होती. निलंग्याकडच्या त्या गावात त्याच्या घराइतकं जुनं घर नाही. आजोबानं घराच्या चौकातच आड खोदलेला. बहात्तरच्या दुष्काळात साऱ्या गावाच्या घागरी त्या दारात लागल्या. पाणी गुडघाभर उरलं, तसं मडिवाळप्पानं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन चारचौघांत सांगितलं, की दोन वर्षांमागं मेलेली भावजय नागम्मा आडात दिसते. डोळे पिवळेजर्द, पाणी मागते. लिंग हातात घेऊन माणूस खोटं बोलेल, हे कुणाच्या मनात येणार? घागरी थांबल्या. बाया दोन कोसावरनं गढूळ पाणी आणू लागल्या. नागम्मानं आडात उडी घेतली, हे गावानं मागनं जोडलं. त्यानं ते खोडलं नाही. तिची लेक शिवगंगा तेव्हा आठ वर्षांची, आजोळी वाढत होती.

आता लातूर जिल्हा झाला. शिवगंगाच्या नवऱ्याला तिथं नव्या कचेरीत नोकरी लागली, खोली मिळाली. खोलीच्या अंगणात आड. सासू म्हणाली, "मायची खोड लेकीत उतरती. हिला न्हाई धाडनार."

"माझ्या सासूम्होरं सांगा," शिवगंगा म्हणाली. "लिंग हातात घिऊन सांगा. आत्ता चला."

दोघं एसटीनं गेले. सासू पार्वतीबाईनं पाट दिला, चहा दिला, सारं ऐकून घेतलं.

"तवाबी लिंगच हुतं न्हवं हातात?"

"हुतं."

"मंग कंची आन खरी धरू, पावनं?"

शिवगंगानं काकाची कपबशी उचलली, विसळली आणि आत गेली. तो निघाला तेव्हा दारापर्यंत आली नाही. लातूरला नवरा अजून एकटाच हातानं भाकरी थापतो.

मला हे मडिवाळप्पानं स्वतःच सांगितलं, त्याच आडाच्या काठावर बसून. "लिंग गळ्यात वागवायची लाज वाटाय लागली. काढून ठिवावं, तर तेबी पाप."

मी म्हणालो, "गावाला तरी सांगलास का?"

"सांगलो. हासले. म्हने, भूत न्हाई म्हंतूस, म्हातारपनी घर इकायला काढलं वाटतं."

आभाळ भरून येत होतं. छत गळू नये म्हणून माळवदावर पांढरी माती टाकायची, ती अर्धी राहिली होती. त्यानं टोपलं डोक्यावर घेतलं आणि शिडी चढू लागला.