उसने कान

बबन गेला त्या सकाळी मी पाथर्डीत नव्हतो. एरवी गेली चार वर्षं सकाळी सहाला मी त्याच्या गॅरेजवर हजर असायचो, पण त्या दिवशी नेमका नगरला मुलीकडे मुक्कामाला होतो. आदल्या दिवशी नातीचं बारसं झालं होतं. स्वयंपाकघरात चहा घेत बसलो असताना फोन आला. पलीकडे बबनचा मुलगा संतोष होता. "काका, आप्पांना ट्रॅक्टरनं उडवलं," एवढंच तो बोलला. बाकीचं मग कोणा शेजाऱ्याने सांगितलं. गॅरेजसमोरच्या रस्त्यावरून बबन चहा आणायला निघाला होता. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून आला. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही. थंडीमुळे कानाला गुंडाळलेला मफलर तसाच होता म्हणे... मी विचारलं, त्याने मागे वळून पाहिलं नाही का? शेजारी म्हणाला, न्हाई ना सर, तेच तर नवल हाय. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. पण ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

बबन आणि मी नववीपर्यंत एका बाकावर. पुढे मी गणिताचा मास्तर झालो आणि बबन मिस्त्री झाला. गणित त्याला कधी जमलं नाही आणि मला साधं पंक्चर काढता येत नाही, त्यामुळे आमच्यात कधी चढाओढ झाली नाही. मी त्याला चिडवायचो की तुझ्या हाताला डिझेलचा वास येतो म्हणून वहिनी तुला वेगळं ताट वाढतात. तो म्हणायचा, तुझ्या डोक्याला खडूचा येतो. पण या माणसाचा आख्ख्या तालुक्यात दबदबा होता, आणि तो एकाच गोष्टीसाठी. सकाळी थंड गाडी चालू केली की इंजिनात जो ठोका येतो, तो कशाचा आहे हे बबन बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगायचा. खर्ड्यापासून, नेवाशापासून लोक गाड्या घेऊन यायचे. लोक म्हणायचे, इंजिनात टाचणी पडली तरी बबन मिस्त्रीला ऐकू येते.

त्याची एकच अट असायची. गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडायची, चावी द्यायची आणि घरी जायचं. सकाळी पहिल्यांदा ती तोच चालू करणार. पण आपली माणसं अशी की मिस्त्रीकडे जायचं म्हणून गाडी धुणार, पुसणार, आणि निघण्याआधी चांगली पंधरा मिनिटं चालू ठेवून गरम करणार. पाहुण्यांकडे जाताना पोराला पावडर लावतात तशातला प्रकार. मग गॅरेजसमोर उभं राहून म्हणणार, मिस्त्री, घरी वाजत होती हो, आत्ता वाजत न्हाई. बबन असा काही भडकायचा! "ठोका घरीच ठिवून आलास की रं. जा आता, उद्या बघू." आमदाराची गाडी असो की गावोगाव सवाऱ्या वाहणारी वडाप जीप, गरम इंजिनाला त्याने कधी हात लावला नाही. बाहेरगावच्या माणसाला तो एसटीने परत पाठवायचा आणि गाडी ठेवून घ्यायचा. त्याचं म्हणणं असं की इंजिन तापलं की तेल सगळीकडे पोचतं, लोखंड फुगतं, झिजलेल्या जागा भरून निघतात आणि खोट झाकली जाते. खरं काय ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

निवृत्त झाल्यावर मी सकाळी फिरायला जायला लागलो आणि ते फिरणं बबनच्या गॅरेजपर्यंत जाऊन चहापाशी थांबायला लागलं. एके दिवशी थंडीत एक जीप उभी होती. बबनने ती चालू केली, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग सहज विचारावं तसं मला म्हणाला, मास्तर, तुला कसा वाटतोय रे आवाज? मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. मी म्हणालो, मोहरी तडतडल्यासारखा. तो हसला आणि त्याने इंजिनाचं वरचं झाकण खोलायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतंच, माझ्या तोंडाकडे होतं. मी पुढे होऊन गाडी बंद केली आणि विचारलं, बबन, तुला ऐकू येत नाही का?

तो स्टुलावर बसला. हातातला स्क्रू ड्रायव्हर फडक्याने उगीचच पुसत राहिला. "वरसापास्नं कमी झालंय," तो म्हणाला. "मोठ्यानं बोललं, तोंडाकडं बघितलं तर कळतं. बारीक आवाज न्हाई येत." मी म्हणालो, मग मशीन घे, त्यात काय एवढं. तर मशीन त्याने कधीच आणलं होतं. घरी कोणाला न सांगता नगरला जाऊन तपासून आला होता. टूलबॉक्सच्या तळातून त्याने डबी काढून दाखवली. ते लावलं की रस्त्यावरचा सगळा कालवा डोक्यात शिरतो आणि इंजिन मात्र ओळखू येत नाही, म्हणाला. आणि खरं कारण त्याच्या पुढच्याच वाक्यात होतं. "कानाला मशीन लावलेल्या मिस्त्रीकडं आवाज दाखवायला कोन येईल, मास्तर? ही गोष्ट माझ्या-तुझ्यात ऱ्हाऊ दे. सिंधूला बी नको, पोराला बी नको." मी शब्द दिला. साठी उलटलेल्या दोन माणसांनी शाळकरी पोरांसारखा हात धरून शब्द दिला-घेतला.

तेव्हापासून मी त्याचा कान झालो. सहाला जायचो, तो गाडी चालू करायचा, मी ऐकायचो आणि सांगायचो. त्याने मला रीतसर शिकवलं. सुरुवातीला मी फुशारकी मारत म्हणायचो, डावीकडून येतोय, खालून येतोय. तो मला अडवायचा. "कुठनं येतो ते ऱ्हाऊ दे. कसा हाय ते सांग, आनि तापल्यावर वाढतो का मरतो ते सांग." मोहरी तडतडली आणि तेल चढल्यावर गप्प झाली, तर वरचे टॅपेट; फार चिंता नाही. रिकाम्या डब्यावर बोटं वाजवल्यासारखा पोकळ ठोका असेल आणि इंजिन तापत जाईल तसा मरत असेल, तर पिस्टन झिजलंय. गाडी अजून बरीच चालेल. आणि खलबत्त्यात घाव घातल्यासारखा जड, खालचा ठोका असेल आणि तापल्यावर वाढत असेल, तर बेअरिंग. गाडी तिथल्या तिथे बंद करायची, गॅरेजबाहेरसुद्धा न्यायची नाही. मी सांगायचो, तो हात इंजिनावर ठेवून डोळे मिटायचा आणि मग निदान सांगायचा. त्याचा हात आणि माझे कान मिळून एक मिस्त्री पुरा व्हायचा. मालक यायच्या आत आमचं उरकलेलं असायचं. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, पण कोणाला माझी इतकी गरज आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तो आनंद मी कबूल करतो, कारण मी गप्प राहिलो त्यात त्या आनंदाचाही वाटा होता.

एकदा मी चुकलो. एका गाडीचा आवाज चालू असताना माझं लक्ष पेपरात होतं. ठोका मरतोय, असं मी बेफिकीरपणे सांगून टाकलं. चार दिवसांनी ती गाडी टोचन लावून, दुसऱ्या गाडीने ओढत परत आली. बेअरिंग गेलं होतं. मालक चार माणसांत बबनला वाट्टेल ते बोलला. बबनने मान खाली घालून ऐकून घेतलं, चूक माझीच म्हणाला आणि आठ दिवस खपून इंजिन पुन्हा बांधून दिलं. मी त्याची माफी मागायला गेलो तर म्हणाला, "तुजे कान मी उसने घेतलेत. उसन्या वस्तूला नावं ठिवायची नसत्यात." त्या दिवसानंतर मी पेपर घरी ठेवून जायला लागलो.

तो गेला त्या सकाळी गॅरेजसमोर एक गाडी उभी होती. तिच्या मालकाला त्याने सांगितलं होतं, आज न्हाई, उद्या बघू. मी नव्हतो ना... मी असतो तर त्या वेळी आम्ही बॉनेटवर वाकलेलो असतो.

पुढे जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण त्याच्यासाठीच हा लेख लिहितो आहे. ट्रॅक्टरवाला पन्नाशीचा, आपल्याच तालुक्यातल्या एका वाडीवरचा. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. हॉर्न दिला होता, पुन्हा पुन्हा दिला होता, असं तो पहिल्या क्षणापासून सांगत होता. कोणाचाच विश्वास बसेना. आणि न बसण्याचं कारण बबनची कीर्ती. इंजिनात पडलेली टाचणी ऐकणाऱ्या माणसाला ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येणार नाही? टेप मोठ्याने लावून चालला असेल, प्यायला असेल, पोटच्या पोरांची शपथ घेऊन खोटं बोलतोय... लोक बोलत राहिले. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, जामिनावर सुटल्यावर, तो बबनच्या दारात आला. आत यायची त्याची हिंमत होईना. हात जोडून बाहेरच उभा राहिला. "मिस्त्रीनंच माझं इंजिन बांधल्यालं," तो म्हणाला. "म्या हॉर्न दिला व्हता, वैनी. माल भरल्याला, ब्रेक लागंना. पर हॉर्न दिला व्हता." संतोष त्याच्या अंगावर धावून गेला. आमच्या आप्पाला हॉर्न ऐकू आला न्हाई म्हनतोस, असं म्हणत त्याने त्याला फाटकाबाहेर ढकललं. मी सतरंजीवर बसून होतो. सगळं घर माझ्या समोर होतं आणि मी एक शब्द बोललो नाही. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द पाळतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. चार वर्षं लपवलंस का, असं कोणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मशीन लाव म्हणून मी बबनच्या मागे लागलो असतो, निदान वहिनींच्या कानावर घातलं असतं, तर तो आज असता. हा विचार मी तेव्हाही करत होतो, आजही करतो, आणि त्यातून माझी सुटका नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेलो, वहिनींना आणि संतोषला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. गॅरेजमधून ती डबीही काढून आणली होती. संतोष उठून परसात गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तो चपला घालून, आणि म्हणाला, चला काका, पोलीस ठाण्यात. मी जबाब दिला. संध्याकाळी संतोष एकटाच ट्रॅक्टरवाल्याच्या वाडीवर जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सिंधूवहिनी मात्र त्या दिवशी जागच्या हलल्या नव्हत्या. डबी हातात धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या मला बोल लावतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, पाच वर्षं तरी झाली. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्यावर राग धरलाय. रोज सांजच्याला अंगनात बाकावर बसायचो आमी. मी आपली बोलायची, आन् ते रस्त्याकडं बघत ऱ्हायचे. व्हय न्हाई की न्हाई न्हाई. वाटलं, आता जीव न्हाई ऱ्हायला आपल्यावर. दोन वरसं वाट बघितली, भावजी. मंग मी बी बोलायचं सोडून दिलं." डबी उघडून त्यांनी विचारलं, "कोनता कान?" मी सांगितलं, डावा पार गेला होता, जन्मभर तो स्क्रू ड्रायव्हर डाव्याच कानाला लावायचा, उजव्याने जवळचं माणूस बोललं तर थोडं ऐकू यायचं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मी डाव्या अंगाला बसायची," त्या म्हणाल्या. "चूल तिकडं हाय ना, उठाय-बसाय बरं पडतं म्हनून." मग त्या रडल्या. बबन गेल्यापासून मी त्यांना अशा रडताना पाहिलं नव्हतं.

हे सगळं छापायला त्यांनीच सांगितलं. लिवा भावजी, त्या ट्रॅक्टरवाल्याला गावात मान वर करून फिरता येऊ द्या, म्हणाल्या. म्हणून बबन, तुला दिलेला शब्द मी मोडला.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. अंगणातल्या बाकावर वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. चुलीकडचं टोक सोडून दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या आणि डाव्या हाताची जागा मोकळी होती. मी तिथे टेकायला गेलो तर त्यांनी आतून खुर्ची आणून दिली. मग शेंगा फोडता फोडता दिवसभरातलं सांगू लागल्या... गाय आटली, संतोषचा फोन आला होता, लाईट दुपारी दोनला गेली ती आत्ता आली. माझ्याकडे त्या बघत नव्हत्या. आणि आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.