घरचं कोण बाहेर जेवते? नागपुरातला वीस दिवसांचा वर्ग

आणि थोरल्या भाऊंचं तेच चालू आहे. वंश लिहायले आपल्या घरी भाट येते, तू काहून पैसे देऊन शिकतं, असं त्यांनी परवाच्या पत्रातही लिहिलं. मी दहादा सांगितलं की मानववंशशास्त्र म्हणजे भाटाचं बाड नव्हे. माणसं कशी राहतात, कुणाशी सोयरीक करतात, कुणासोबत जेवतात, ते विचारून लिहायचं शास्त्र आहे. सातवी शिकलेल्यानं ते शिकू नये असं कुठं लिहिलेलं नाही. निदान जाहिरातीत तरी नव्हतं. म्हणून मी गेलो.

सुरतेत मी यंत्रमागावर आहे, सहा वर्षं झाली. खोलीवर नागपूरचा पेपर चार दिवस शिळा येतो. त्यात विद्यापीठाची जाहिरात होती: मे महिन्याच्या सुट्टीत वीस दिवसांचा वर्ग, मराठीतून, लिहिता-वाचता येणाऱ्या कुणासाठीही. शेठनं बिनपगारी रजा दिली. वेळेवर परतलास तर माग तुझा, नाहीतर दुसरा उभाच आहे, म्हणाला.

सुरतेकडून जाणाऱ्यांनी भुसावळ पॅसेंजर धरावी. ती सगळा दिवस खाते, पण टेकायला जागा मिळते. भुसावळला गाडी बदलायची. फलाटावर केळी घ्या, पुरीभाजीच्या नादी लागू नका. पुढच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी दारात उभा होतो. वर्धा गेलं आणि खिडकीतून झळ आत यायला लागली, तेव्हा समजलं, घर आलं.

आमचं घर सक्करदऱ्याकडे, वर्ग पार अमरावती रोडवर. सायकल भाड्यानं मिळाली, दिवसाला रुपया. सकाळी सातच्या आत निघा, कानाला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा आणि वाडीकडे जाणाऱ्या ट्रकांपासून लांब राहा. ते सायकलवाल्याला जुमानत नाहीत.

विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनानं शिक्षण विचारलं.

“सातवी.”

“इथं मास्तर लोक येऊन राहिले, बाप्पा.”

मी कात्रण पुढे केलं. त्यानं ते उलटून मागची बाजूही वाचली. तिथं सिनेमाच्या वेळा होत्या. “बरं, कर सही,” म्हणाला.

पहिला आठवडा फळ्यावर गेला. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन रेघा म्हणजे लग्न. शिकवणाऱ्या मॅडम सावकाश बोलत. कळलं नाही की मी हात वर करी. पाचव्या दिवसानंतर मास्तर लोकांनी वळून बघणं सोडलं.

मग घरोघर जाऊन फॉर्म भरायचे होते. माझे जोडीदार कन्हानच्या शाळेतले एक गुरुजी. चिठ्ठीत गल्ली निघाली ती नेमकी आमचीच, विणकरांची.

“घरी माणसं किती, बाई?” गुरुजींनी माझ्या आईला विचारलं.

“पाच.”

मी शेजारीच उभा. “अन् मी, माय?”

“तू पाहुणा हायेस. पाहुण्याले मोजते काय कोणी?”

“दर महिन्याले पैसे पाठवते तो पाहुणा?”

“पैसे येते, बाप्पा. तू कुठं येतं?”

आत वहिनी हसल्या. गुरुजींनी फॉर्मवरचा नियम वाचला: एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. “पाचच लिहितो गा.”

“मग दुपारी पाटवड्या कोणी खाल्ल्या?”

“त्याचा रकाना नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो. राग आला होता, आणि रागात मला नीट बोलता येत नाही. तरी मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. “तुमच्याबाबतीत पाचही चूक आणि सहाही चूक,” त्या म्हणाल्या. “कारण प्रश्नच चुकलाय. बरोबर प्रश्न कोणता, ते तुम्ही सांगा.”

तो मी घरी जाताना सायकलवर जुळवला आणि संध्याकाळी एकटाच गल्लीत निघालो. घरात किती, असं कुणाला विचारलंच नाही. विचारलं, “घरचं कोण बाहेर जेवते?”

आदल्या दिवशी गुरुजींना ‘चार’ सांगून दार लोटणाऱ्या बाया आता पायरीवर येऊन बसल्या. धाकटा भिलाईले, मधला भिवंडीले, दीर खदानीत. एका म्हातारीनं तीन पोरं सांगितली आणि थांबली. मग म्हणाली, “चवथ्याचंही लिही गा. चिठ्ठी नाही येत त्याची, पण जेवत असंनच कुठं तरी.”

लिहिलं.

मॅडमनी वही वाचली. अर्धं काम झालं, म्हणाल्या. उरलेलं अर्धं सुरतेत आहे. अशी घराबाहेरची माणसं तिकडे कुणासोबत जेवतात ते लिहून दिवाळीच्या सुट्टीतल्या वर्गाला या. जागा धरून ठेवते, पण फीचे पस्तीस रुपये पोळ्याच्या आत पोचले पाहिजेत.

निघताना भाऊ स्टेशनवर आले. “त्या पैशात छपराचे कवेलू होते. पाणी गळते तवा तुझी वही धरू काय डोक्यावर?”

इथं सुरतेत आल्यापासून मी लिहितोय. खोलीवर आम्ही नऊ जण एका स्टोव्हवर जेवतो, म्हणजे फॉर्मच्या नियमानं हे माझं कुटुंब. पण यातल्या कुणालाही विचारा, घरी किती माणसं. प्रत्येक जण गावाकडची माणसं सांगतो, आणि स्वतःला धरून सांगतो. मीसुद्धा सहाच सांगतो. आईचे ‘पाच’ आणि माझे ‘सहा’, नागपुराहून मी एवढंच आणलं, आणि हे नीट लिहिल्याशिवाय मला चैन नाही.

घरची मनिऑर्डर कमी केलेली नाही. रविवारच्या पाळ्या धरल्यात. कवेलू यंदा होणार नाहीत, तसं भाऊंना कळवलं. विद्यापीठाला आज पाठवतोय ते पस्तीस रुपये.