खिलाराच्या कपाळावरची तीट

पांढरा बैल जलरंगात रंगवायचा म्हणजे बैलाला हात न लावता त्याच्याभोवतीचं सगळं रंगवायचं. बैल म्हणजे कोरा कागदच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उंब्रजच्या एका मावशींचा खिलार मी असाच रंगवला, तीन सकाळी त्यांच्या गोठ्यासमोर बसून. मी साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, आणि जनावरं रंगवण्यात आपला हात धरणारं कोणी नाही अशी माझी ठाम समजूत होती. मावशींचा मुलगा फौजेत. वासरू असतानाच आई मेलेल्या या बैलाला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. घरात बोलायला त्यांना तेवढाच होता.

सांगलीत प्रदर्शन लावलं तेव्हा त्या चित्राला मी मुद्दाम काच बसवली नाही. काचेत समोरच्या खिडक्या दिसतात, पांढरा मरतो. रविवारी मावशी एसटीने बघायला आल्या. चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "आवं मास्तर, ह्यो तर जित्ता हाय की! दिष्ट लागंल त्याला." मी दुसऱ्या कुणाशी बोलत होतो, तेवढ्यात डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्यांनी चित्रातल्या बैलाच्या कपाळावर तीट लावली.

माझं डोकंच फिरलं. काजळ तेलकट, पाण्याने निघेना. चारचौघांत मी त्यांना नाही नाही ते बोललो आणि त्यांच्यासमोरच ब्लेडने तीट खरवडून काढली. "नगा मास्तर, लागंल त्याला," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मग निघून गेल्या.

खरवडलेला कागद हवेतला ओलावा ओढतो, डाग पसरतो, हे मी वर्गात मुलांना शिकवत आलो होतो. तरी सोमवारी तो डाग रुपयाएवढा झालेला पाहून मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळत राहिलो. मंगळवारी तो गुलाबीसर दिसू लागला. त्या चित्रात मी लाल रंग कुठेही वापरलेला नव्हता. बुधवारी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि उंब्रज गाठलं. माफी मागायची होती हे खरं, पण त्याहून जास्त मला बैल बघायचा होता.

मावशी गोठ्यातच बसल्या होत्या. खिलाराच्या कपाळावरचे केस गेले होते आणि रुपयाएवढं गुलाबी कातडं उघडं पडलं होतं. गव्हाणीतला कडबा तसाच. जनावरांच्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं होतं. "रविवारपासनं त्वांडात काडी घेतली न्हाई त्यानं," मावशी म्हणाल्या. "जातोय वो माझा ह्यो."

मला खरंच वाईट वाटलं. आणि तरीही सवयीने मी एक डोळा मिटला, बोट पुढे धरलं आणि डाग शिंगापासून किती खाली आहे ते मापू लागलो. चित्रातल्याइतकाच होता. बैल कान न हलवता माझ्याकडे बघत उभा होता.

मावशी उठल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून आमच्या मध्ये उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बगू नगा त्याच्याकडं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या पाया पडते, मास्तर."

मी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळाने मागे गव्हाणीत सळसळ झाली. बैल कडबा चावू लागला होता. मला स्वतःची इतकी भीती कधीच वाटली नव्हती. त्याचं खाऊन होईपर्यंत मी वळलो नाही.