आप्पांच्या दारातला जांभळा गोंडा

बागेची हौस असलेली चार माणसं एकत्र आली की झाडं वाढोत न वाढोत, किस्से मात्र खताशिवाय फोफावतात. परभणीतल्या आमच्या कॉलनीत यंदा सगळे किस्से एकाच झाडाचे झाले. शोभेच्या कांद्याचे! उंच दांडा आणि त्यावर चेंडूएवढा जांभळा गोंडा. इथल्या उन्हात तो येणार नाही, असं सगळे म्हणाले. मी म्हटलं, मी लावला की येणार!

शेजारच्या मन्मथआप्पांच्या बायकोचं, म्हणजे आक्कांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणत चाला, पण भीती अशी बसलेली की आक्का घराबाहेर पडेनात. मोबाइलवर हे फूल पाहून एकदा म्हणाल्या, "असलं फूल आपल्या दारात येऊ द्या, मंग उतरते मी पायऱ्या." आप्पा कापडदुकानातून उठून थेट माझ्याकडे आले.

अडचण एकच. शिवपूजा करणारं घर, आक्कांनी कांदा-लसूण सोडून कित्येक वर्षं झालेली. "बाई, हे कांदाय हे तिला कळू द्यायचं न्हाई. लिली म्हनायचं!"

*

बारा कंद मागवले. त्यांना थंडी लागते, आणि आपल्याकडची थंडी स्वेटर शोधेपर्यंत संपते. म्हणून दोन महिने फ्रिजमध्ये. आप्पांच्या फ्रिजमध्ये कांदा शक्यच नव्हता, तेव्हा कंद आले माझ्याकडे. पिशवीवर मी ठळक लिहिलं, 'खायचे नाहीत'. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून ऑम्लेट केलं.

"पिशवीवरचं वाचलं नाही?"

"वाचलं की! मला वाटलं, तू डाएटवर आहेस."

उरले दहा.

*

लावायच्या दिवशी पेडगावचे दत्तराव आले. आप्पांचे जुने गिऱ्हाईक, कांदा पिकवण्यात हयात गेलेली. काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतो, म्हणून मी आप्पांच्या दारातल्या उंच वाफ्यात वाळू कालवत होते. दत्तराव बराच वेळ बघत उभे राहिले.

"खायचा न्हाई, इकायचा न्हाई, मंग लावायलाव कशाला?"

"बघायला," आप्पा म्हणाले.

"मंग माझ्या रानात या की! लय हाय कांदा. बसा बघत दिसभर!"

बोलले एवढं, पण उरलेली वाळू त्यांनीच कालवून दिली.

*

कोंब आले सात. पानाला हात लागला की कांद्याचा वास! आक्का खिडकीतून विचारत, "अहो, वास कशाचा यायलाय?" आप्पा ठोकून देत, "बाईंच्या घरी भजी तळायलेत!"

आप्पांच्या कृपेने आमच्याकडे महिनाभर रोज भजी होती. शेवटी आक्कांनी मला बोलावून घेतलं. "बाई, एवढं तेलकट बरं न्हाई. बीपी वाढतंय."

*

एक दिवस आप्पांचा फोन, आवाज रडवेला. "बाई, संपलं सगळं. पानं पिवळी पडली!"

मी तशीच धावले. गोंडा यायच्या सुमाराला पानं जातातच, ते या झाडाचं वळणच आहे. "पानं सोडा आप्पा, मध्ये बघा." एका झाडात दांडा ताठ उभा होता, वर कळी. आप्पांचे डोळे भरले. खरं सांगते, माझेही भरले.

*

फेब्रुवारीच्या शेवटी गोंडा उमलला. सातांतला एकच, पण काय देखणा! आप्पांनी तो खिडकीतून दाखवला, तशा आक्का वॉकर धरून उठल्या.

दारात तीन पायऱ्या. वॉकर मी घेतला, आक्कांनी कठडा धरला. पहिली पायरी. आप्पा खाली दोन्ही हात पसरून उभे. दुसरी. गोंडा बघायला आलेल्या दत्तरावांनी टोपी काढून हातात धरलेली. तिसरी!

आक्का वाफ्याशी पोचल्या, वाकल्या, एक पान बोटांत चुरडून नाकाशी नेलं.

"लिली हाय ती," आप्पा घाईने म्हणाले.

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोंड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझा बाप पोखर्णीला कांद्याचं बी धरायचा. असल्या गोंड्यात खेळून मोठी झालेय मी. खायचा सोडलाय मी कांदा, वळखायचा न्हाई! आता खुर्ची आना हितं."